कानाच्या मशीनमधूनच घरी श्रवणचाचणी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

घरी मशीनमधून केलेल्या चाचणीचे आकडे क्लिनिकच्या ऑडिओग्रामशी (ऐकण्याच्या आलेखाशी) जुळत नाहीत, मग माणूस घाबरतो किंवा मशीनचा आवाज परस्पर वाढवून बसतो. बहुतेक वेळा कानात काहीच बदललेलं नसतं. वॅक्स गार्ड (मळ अडवणारी बारीक जाळी) बुजलेला असतो, पंखा चालू असतो, सॉफ्टवेअरमध्ये डोम (कानात बसणारं मऊ टोक) चुकीचा निवडलेला असतो, नाहीतर चाचणी देणारा आणि बटण दाबणारा एकच माणूस असतो. यातली एकही चूक आकड्यांकडे नुसतं बघून कळत नाही. ऑडिओग्राम छापून आला की तो खराच वाटतो. म्हणून या लेखात अर्धी जागा पहिल्या बीपच्या आधीच्या कामांना दिली आहे.

या चाचणीत मशीनचे माइक बंद होतात आणि मशीन स्वतःच कानात बारीक सूर वाजवतं. जेमतेम ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज, म्हणजेच थ्रेशोल्ड, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला (सुराच्या उंचीला) शोधायचा. फोनाक कंपनीच्या टार्गेट सॉफ्टवेअरमध्ये तिला ऑडिओग्रामडायरेक्ट म्हणतात, सिग्नियाच्या कनेक्समध्ये इनसिटुग्राम, वायडेक्समध्ये सेन्सोग्राम, ओटिकॉनच्या जिनी २ मध्ये इन-सिटू ऑडिओमेट्री. मशीन आणि लॅपटॉप जोडायला बहुतेक जण नोआलिंक वायरलेस हे छोटं उपकरण वापरतात. काही मशीनची चाचणी थेट मोबाइल अ‍ॅपमधून होते. मशीन जुळवण्याची ही फिटिंग सॉफ्टवेअर ऑडिओलॉजिस्टसाठी (श्रवणतज्ज्ञांसाठी) बनवलेली आहेत. मशीन वॉरंटीत असेल तर घरून छेडछाड चालते का, हे आधी विचारून घ्या.

कोणी ही चाचणी घरी करू नये

एका कानाचं ऐकणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत अचानक कमी झालं असेल तर लॅपटॉप उघडूच नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अशा वेळी उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते, आणि घरच्या चाचणीत गेलेले चार दिवस भरून निघत नाहीत. कान वाहतोय, दुखतोय, चक्कर येतेय, किंवा एकाच कानात नवीन गुणगुण सुरू झालीय, तरीही आधी डॉक्टर.

लहान मुलांवर हा प्रयोग करू नका. त्यांची कानाची नळी छोटी असते, त्यामुळे मशीनमधून निघालेला तोच सूर त्यांच्या पडद्यावर जास्त जोराने पोचतो आणि आकडे चुकतात.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी या चाचणीचा काहीच उपयोग नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली ६० आणि ७० डेसिबलची मर्यादा रुग्णालयातल्या तपासणीवरच ठरते. घरच्या चाचणीत हाडामार्गे ऐकण्याची तपासणी नसते, त्यामुळे दोष मधल्या कानात आहे की आतल्या, हे ती सांगू शकत नाही.

टप्पा १: कान आणि मशीन

१. कानात मळ आहे का, हे डॉक्टरांकडून बघून घ्या. इअरबडने कोरू नका, मळ आत ढकलला जातो. कोमट तेल घालायची सवय असेल तर चाचणीच्या आधीचे काही दिवस ती बंद ठेवा, कारण तेल रिसिव्हरच्या (कानात आवाज सोडणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) तोंडाशी जाऊन बसतं.

२. वॅक्स गार्ड नवीन लावा, दोन्ही बाजूंना. जुना वरून स्वच्छ दिसला तरी बदला. अर्धवट बुजलेला गार्ड सगळे सूर थोडे थोडे दाबतो आणि तुमचं ऐकणं कमी झाल्यासारखं दिसतं.

३. मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला साचा) वापरत असाल तर नळीत पाण्याचे थेंब आहेत का बघा. पावसाळ्यात हे फार होतं. आदल्या रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

४. बॅटरी नवीन घाला. तपकिरी पट्टीची ३१२ असो की केशरी पट्टीची १३, झिंक-एअर सेलची पट्टी काढल्यावर सुमारे ५ मिनिटं तो हवेत राहू द्या, मगच बसवा. चार्जिंगचं मशीन असेल तर पूर्ण चार्ज करा.

५. डोम रोज घालता तोच ठेवा. "आज जरा घट्ट डोम लावतो, म्हणजे आकडे चांगले येतील" हा विचार अगदी चुकीचा आहे. ही चाचणी तुमचा कान, तुमचा डोम आणि तुमचा रिसिव्हर या तिघांची मिळून असते. डोम बदलला की चाचणीच बदलली.

६. सर्दी असेल, नाक चोंदलेलं असेल तर आठवडाभर थांबा. आदल्या दिवशी मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ उभे होतात, लग्नात डीजेसमोर होतात, कारखान्यात पाळी होती, तर किमान एक दिवस शांततेत जाऊ द्या. मोठ्या आवाजानंतर ऐकणं तात्पुरतं खाली जातं.

तपासा: एकेक मशीन चालू करून बंद मुठीत धरा. दोन्हींची शिट्टी साधारण सारखी वाजायला हवी. एक जोरात आणि दुसरं मलूल असेल तर चाचणी आज नको, आधी मशीन दुरुस्त करून घ्या.

टप्पा २: खोली आणि वेळ

आपल्या घरांत खरा शत्रू म्हणजे छताचा पंखा. त्याची घरघर खालच्या सुरांत असते, आणि वयामुळे ऐकणं कमी झालेल्या बहुतेकांचं खालच्या सुरांतलंच ऐकणं शाबूत असतं. जिथे कान चांगला, तिथेच बाहेरचा आवाज सूर झाकून टाकतो. त्यात ओपन डोम (भोकं असलेला, कान पूर्ण बंद न करणारा) असेल तर बाहेरचा आवाज थेट आत शिरतो. २५० हर्ट्झला ज्याचं ऐकणं मुळातच ६० डेसिबलपर्यंत उतरलंय, त्याला पंख्याने फारसा फरक पडत नाही. ज्याचं तिथे २० आहे, त्याची चाचणी पंखा बिघडवून टाकतो.

१. कपड्यांचं कपाट, गाद्या, जाड पडदे असलेली आतली खोली निवडा. स्वयंपाकघराला लागून असलेली नको.

२. पंखा, एसी, कूलर, मोटर, इन्व्हर्टर, शक्य असेल तर फ्रिजही बंद. उन्हाळ्यात एसीने खोली आधी गार करून घ्या आणि मग तो बंद करून सुरुवात करा.

३. वेळ पहाटेची किंवा रात्री उशिराची धरा. कुकर, भांडी, शाळेची बस, भाजीवाला या वेळा टाळा. गणपतीत आणि नवरात्रात हे काम काढूच नका.

४. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपचा आकडा फक्त अंदाजासाठी असतो. तो ३५ च्या खाली असेल तर बरं, ४० च्या वर असेल तर खोली किंवा वेळ बदला.

तपासा: ज्याचं ऐकणं उत्तम आहे अशा घरातल्या कोणालातरी खोलीत २ मिनिटं डोळे मिटून बसवा आणि काय काय ऐकू येतंय ते विचारा. त्या यादीत सतत चालणारा एकही आवाज असेल तर तो बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ३: दोन माणसं लागतात

एकट्याने ही चाचणी केली तर ती जवळजवळ निरुपयोगी होते. कर्सर कुठे आहे, आपण कधी क्लिक केलं, हे दिसत असताना कान नसलेला सूरही "ऐकतो". हे खोटं बोलणं नाही, मेंदू असाच चालतो. म्हणून लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात द्या: मुलगा, सून, शेजारी, कोणीही शांत डोक्याचं माणूस.

१. ज्याची चाचणी आहे त्याने भिंतीकडे तोंड करून बसावं. स्क्रीन, हात, चेहरा, खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब, काहीच दिसता कामा नये. क्लिकचा आवाज येणारा माऊस नको, टचपॅड वापरा.

२. खूण आधीच ठरवा: सूर आला की बोट वर, सूर गेला की बोट खाली. तोंडाने उत्तर नको.

३. सूचना सुरुवातीलाच द्या आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवा. चाचणी सुरू झाली की मशीनचे माइक बंद होतात, मग तुम्ही काय बोलताय ते समोरच्याला ऐकू येणार नाही. कागदावर एवढंच पुरे: "खूप बारीक आवाज येईल. आल्यासारखा वाटला तरी बोट वर करा. स्पष्ट ऐकू येण्याची वाट पाहू नका."

४. चाचणी घेणाऱ्याने "आता आला का, आई?" असं विचारायचं नाही. खांद्याला हातही लावायचा नाही. त्या इशाऱ्याने पुढचे सगळे आकडे बिघडतात.

तिसऱ्या मुद्द्यातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. ज्येष्ठ माणसं, विशेषतः आयुष्यभर काटेकोर राहिलेली, पक्की खात्री झाल्याशिवाय बोट उचलत नाहीत. त्यांचे सगळेच आकडे १० डेसिबलने वाईट येऊ शकतात. थ्रेशोल्ड म्हणजे आरामात ऐकू येणारा आवाज नव्हे, हे त्यांना दोनदा समजावून सांगा.

टप्पा ४: सॉफ्टवेअरमधला क्रम

१. मशीन जोडल्यावर आतली सध्याची सेटिंग वाचून घ्या आणि ते सेशन तारखेसह वेगळं सेव्ह करा. तुमच्या ऑडिओलॉजिस्टने केलेली बारीक जुळवणी त्यात असते. ती गेली की परत आठवून करता येत नाही.

२. फोनचं ब्लूटूथ बंद करा, नाहीतर मध्येच कॉल मशीनमध्ये वाजेल. नोआलिंक समोर टेबलावर ठेवा, लॅपटॉप चार्जरला लावा.

३. मशीनचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करण्याची सूचना आली तर ती नाकारा. आजचं काम ते नाही.

४. ध्वनिविषयक माहिती भरा: रिसिव्हरची ताकद, डोमचा प्रकार आणि आकार, मोल्ड असेल तर व्हेंट (त्यातलं हवेचं भोक). रिसिव्हरची ताकद त्याच्यावरच बारीक अक्षरांत छापलेली असते, भिंग घेऊन वाचा. इथली चूक सगळ्या आकड्यांत उतरते.

५. मग फीडबॅक टेस्ट, म्हणजे मशीनचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते का, याची तपासणी. प्रत्येक कानात काही सेकंद खरखर येते, ती बरीच मोठी वाटू शकते, आधी सांगून ठेवा. त्या वेळी बोलणं, जबडा हलवणं, कानाजवळ हात नेणं बंद.

६. त्यानंतरच श्रवणचाचणीचा पडदा उघडा. कानात गुणगुण असेल तर सलग सुराऐवजी तुटक सूर निवडा, म्हणजे गुणगुण आणि सूर वेगळे ओळखता येतील.

थांबा: मध्येच कनेक्शन तुटलं तर मशीन मुकं राहू शकतं. बॅटरीचं दार उघडून बंद करा, किंवा मशीन चार्जरमध्ये ठेवून बाहेर काढा, पुन्हा जोडा, आणि ती फ्रिक्वेन्सी पहिल्यापासून घ्या.

टप्पा ५: पहिली फ्रिक्वेन्सी, १००० हर्ट्झ

ज्या कानाने चांगलं ऐकू येतं त्याच्यापासून सुरुवात. सूर १ ते २ सेकंदांचा. दोन सुरांमधलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं ठेवा, कधी २ सेकंद, कधी ६. तालात वाजवलं की ऐकणारा तालावरच बोट उचलतो.

नियम एकच आहे: ऐकू आलं की १० खाली, नाही आलं की ५ वर. चढताना आलेलं उत्तरच मोजायचं, उतरतानाचं नाही. एका पातळीवर तीनपैकी दोन चढणींत उत्तर आलं की तो थ्रेशोल्ड.

एक उदाहरण. ५० वर ऐकू आलं. ४० वर आलं. ३० वर नाही, ३५ वर नाही, ४० वर आलं. इथे पहिली चढण संपली. १० खाली: ३० वर नाही, ३५ वर आलं. दुसरी चढण संपली. १० खाली: २५ वर नाही, ३० वर नाही, ३५ वर आलं. तीन चढणींत ३५ वर दोनदा उत्तर मिळालं. थ्रेशोल्ड ३५.

सुरुवात ३० वर करा, उत्तर नसेल तर ५०, आणि तिथून १०-१० ने वर. पॉवर (जास्त ताकदीचा) रिसिव्हर असेल तर एकदम वरच्या टोकाला उडी कधीच मारू नका. त्यातून निघणारा आवाज कानाला इजा करू शकतो.

मधून मधून मुद्दाम ८-१० सेकंद काहीच वाजवू नका. त्या शांततेत बोट वर आलं तर हसू नका, रागावू नका. सूचनांचा कागद पुन्हा दाखवा आणि ती फ्रिक्वेन्सी परत घ्या.

टप्पा ६: पुढचा क्रम

१. १००० नंतर २०००, ४०००, ८०००.

२. मग पुन्हा १०००. पहिल्या आकड्यापेक्षा ५ डेसिबलचा फरक चालतो. १० किंवा जास्त असेल तर तोपर्यंतचं सगळं रद्द करून पाच मिनिटं विश्रांती घ्या.

३. मग ५०० आणि २५०.

४. शेजारच्या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये २० किंवा जास्त फरक आला तर मधली घ्या: ७५०, १५००, ३०००, ६०००. जितक्या तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असतील तितक्या.

५. दुसऱ्या कानालाही हाच क्रम. मध्ये पाणी प्या, मान मोकळी करा. थकलेला माणूस शेवटच्या आकड्यांत चुकतो.

वरच्या मर्यादेपर्यंत जाऊनही उत्तर आलं नाही तर "उत्तर नाही" अशी खूण करा. ती मर्यादाच थ्रेशोल्ड म्हणून भरू नका. मशीन जितकं वाजवू शकलं तितकंच त्यातून कळतं, कान कुठे आहे ते नाही.

तपासा: दोन कानांमध्ये एखाद्या फ्रिक्वेन्सीला ४० किंवा जास्त फरक आला तर वाईट कानाचा आकडा संशयास्पद धरा. मोठा सूर कवटीतून पलीकडे जाऊन चांगला कानच त्याला उत्तर देत असेल. क्लिनिकमध्ये अशा वेळी चांगल्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवतात. घरी ते करता येत नाही.

टप्पा ७: आकडे वाचणं

क्लिनिकचा शेवटचा ऑडिओग्राम शेजारी ठेवा. एकेका आकड्यापेक्षा फरकाचा आकार बघा, कारण चूक कुठे झाली हे तोच सांगतो.

फक्त २५० आणि ५०० वाईट, बाकी जुळतंय: ओपन डोममधून खालचे सूर बाहेर गळतात, म्हणून मशीनला ते जास्त जोराने वाजवावे लागतात. क्लिनिकमध्ये कान पूर्ण झाकणारा हेडफोन असतो. त्यामुळे हा फरक अपेक्षितच आहे, १५-२० डेसिबलचासुद्धा. डोम बंद प्रकारचा असूनही असं आलं तर डोम सैल आहे किंवा खोलीत घरघर होती.

सगळ्या फ्रिक्वेन्सी साधारण सारख्याच वाईट, एकाच कानात: आधी मशीनवर संशय घ्या. गार्ड, नळी, रिसिव्हरची नोंद. ते ठीक असेल तर कानातला मळ.

सगळ्या सारख्याच वाईट, दोन्ही कानांत: माणूस खात्री होईपर्यंत थांबत होता.

एकच फ्रिक्वेन्सी खड्ड्यात: गुणगुण त्याच सुराची असेल, किंवा त्या क्षणी लक्ष गेलं असेल. ती एकटीच पुन्हा घ्या.

६००० आणि ८००० वर-खाली: डोम किंचित आत-बाहेर बसला तरी हे आकडे हलतात. तिथल्या १०-१५ च्या फरकातून काहीही ठरवू नका.

आकडे क्लिनिकपेक्षा चांगले: आनंद नंतर. आधी बघा, सूर तालात वाजत होते का, स्क्रीन दिसत होती का.

१०००, २००० आणि ४००० मध्ये दोन किंवा जास्त ठिकाणी १० च्या वर घट, आणि वेगळ्या दिवशी तीच चाचणी घेऊनही तीच घट: हा बदल खरा असण्याची शक्यता मोठी आहे. ऑडिओलॉजिस्टची वेळ घ्या.

टप्पा ८: आकडे हातात आल्यावर

सॉफ्टवेअर लगेच विचारेल की या चाचणीवरून सेटिंग नव्याने काढू का. नाही म्हणा. होकार दिलात तर आधीची बारीक जुळवणी पुसली जाऊन मशीन पहिल्या दिवशीच्या सूत्रावर परत जाईल.

मोठी चूक पुढची आहे. घरच्या चाचणीचे २५० आणि ५०० चे आकडे काही जण हाताने क्लिनिकच्या ऑडिओग्रामच्या जागी भरतात. इन-सिटू, म्हणजे मशीनमधूनच घेतलेला, म्हणून नोंदवलेल्या आकड्यात गळती धरलेली आहे, हे सॉफ्टवेअरला माहीत असतं. साध्या ऑडिओग्रामच्या रकान्यात तोच आकडा पडला की ते त्याला कानाचा दोष समजतं आणि खालचे सूर वाढवतं. उद्या मोल्ड लावलात की ती वाढ बाहेर गळत नाही, आणि स्वतःचा आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमायला लागतो. मग मोल्डला दोष दिला जातो.

आवाज सहन होण्याची वरची मर्यादा शोधणारी चाचणीही या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती घरी करू नका. तिच्यात मुद्दाम मोठे आवाज कानात सोडतात.

एका कागदावर या गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, मशीनचं मॉडेल, रिसिव्हरची ताकद, डोमचा प्रकार आणि आकार, गार्ड कधी बदलला, खोलीतले चालू आवाज, दोन्ही कानांचे आकडे, १००० हर्ट्झचे दोन्ही वेळचे आकडे, आणि शांततेत किती वेळा बोट वर आलं. शेवटच्या दोन नोंदी ऑडिओलॉजिस्टला सगळ्यात उपयोगी पडतात, कारण बाकीच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते त्यांवरून कळतं. ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला आहे ना, एवढं बघून घ्या. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत पूर्ण तपासणी होते, हाडामार्गाची धरून. जाताना मशीन, सध्या वापरात असलेले डोम आणि जुना ऑडिओग्राम बरोबर न्या, आणि चाचणीआधी सेव्ह केलेलं सेशन लॅपटॉपमधून पुसू नका.